उपाशीपोटी म्हणजे काय?

नमस्कार, श्रोतेहो. आज मला विषय दिलाय 'अंतःस्रावी ग्रंथी आणि त्यांचे विकार'. नाव ऐकूनच काही घरांत रेडिओचं बटण फिरलं असेल. जे थांबलेत त्यांच्यासाठी सोपं करून सांगतो. चिंच बघितली की तोंडाला पाणी सुटतं. ती लाळ ग्रंथीतून नळीवाटे येते. पण काही ग्रंथींना नळीच नसते. त्या आपला स्राव थेट रक्तात सोडतात आणि रक्त तो अंगभर फिरवतं. हा स्राव म्हणजे हार्मोन, मराठीत संप्रेरक. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका, गळ्यात थायरॉइड, पोटात स्वादुपिंड, दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या अधिवृक्क ग्रंथी, बायकांत बीजांडकोश, पुरुषांत वृषण. स्वादुपिंडाचं इन्सुलिन कमी पडलं किंवा अंगी लागेनासं झालं की मधुमेह. त्यावर आज बोलत नाही. मधुमेहावर आपल्याकडे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत भाषण होतं, तेही हातात जिलेबी धरून.

आज थायरॉइड. आणि थायरॉइड म्हटलं की मला माझी वहिनी आठवते.

बरीच वर्षं झाली. मी तेव्हा भरपूर प्रॅक्टिस करत होतो, दादा-वहिनी मिरजेला. एका रविवारी फोन लावला. पलीकडून घोगरा आवाज आला, "हॅलो". मी म्हटलं, "दादा, जरा वहिनीला दे." क्षणभर शांतता. मग तोच घोगरा आवाज, "अहो भाऊजी, मीच बोलतेय."

मी हसलो. तीही हसली. आणि मी फोन ठेवून दिला! एमबीबीएस, वीस वर्षांचा अनुभव, आणि फोन ठेवून दिला. घसा बसला असेल, म्हटलं.

मे महिन्यात गेलो. मिरजेतला मे तुम्हाला माहीत आहे. आम्ही सगळे गच्चीवर बनियनवर, आणि वहिनी खाली खोलीत पंखा बंद करून, अंगावर शाल घेऊन. चेहरा सुजल्यासारखा. भुवयांची बाहेरची टोकं विरळ. हातातल्या बांगड्या रुतलेल्या, साबण लावूनही निघत नव्हत्या. बद्धकोष्ठ होतंच. आई म्हणाली, "हल्ली तिला कामाचा कंटाळाच येतो. दुपारी दोन-दोन तास झोपते." आपल्या घरात पुरुष झोपला तर तो दमलेला असतो आणि बाई झोपली तर ती आळशी असते. असो. नाडी धरली, मिनिटाला पन्नासच्या आसपास. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

रक्त तपासलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं पीयूषिकेचं संप्रेरक, शंभराच्या वर. इथे एक घोटाळा नेहमी होतो, म्हणून लक्ष द्या. टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइडचं काम वाढलं असं नाही. बहुतेक वेळा उलट असतं. ऊसतोडीच्या फडात मुकादम असतो ना? गडी कामाला लागले की तो गप्प बसतो, गडी ढिले पडले की ओरडायला लागतो. टीएसएच म्हणजे पीयूषिकेच्या मुकादमाचं ओरडणं. ओरडणं वाढलं म्हणजे गडी ढिला पडलाय. पुन्हा सांगतो: टीएसएच वर, म्हणजे थायरॉइड ढिली.

थायरॉइडच्या संप्रेरकाची गोळी सुरू केली. वहिनीचा पहिला प्रश्न, "जन्मभर?" तिला मी एक खरी हकिकत सांगितली. १८९१ साली इंग्लंडात न्यूकॅसलला जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरानं अशाच एका सेहेचाळीस वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती बाई त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगली, आणि तेवढ्या काळात आठशेहून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्या कामी आल्या. वहिनी म्हणाली, "इश्श! मेंढ्या नकोत, गोळीच बरी."

पन्नास मायक्रोग्रॅमपासून सुरुवात केली. या गोळीचा परिणाम सावकाश होतो, म्हणून रक्त सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचं, दर आठवड्याला नाही. तपासलं. टीएसएच थोडा उतरला आणि अडला. गोळी पंच्याहत्तर केली. शंभर केली. सव्वाशे केली. टीएसएच हलेना! मी विचारायचो, "रोज घेता ना?" "रोज." "उपाशीपोटी?" "अगदी उपाशीपोटी, भाऊजी. एक दिवस चुकवलेली नाही." कंपनी बदलून पाहिली. लॅब बदलून पाहिली.

मग एकदा मुक्कामी राहिलो. पहाटे साडेपाचला पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. (तांब्या-भांडं गेलं आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या, तेव्हापासून आपल्या घरांत धड पाणी मिळत नाही, पण तो वेगळा विषय.) तर वहिनी ओट्यापाशी उभी. कपात दाट दुधाचा, आलं घातलेला चहा. तळहातावर दोन गोळ्या: एक माझी पांढरी आणि एक मोठी, गुडघ्यांसाठी कुणीतरी दिलेली कॅल्शियमची. दोन्ही तोंडात टाकल्या आणि वर चहाचा घोट.

मी म्हटलं, "वहिनी, उपाशीपोटी म्हणालो होतो ना?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मग उपाशीपोटीच तर आहे! चहा म्हणजे काय खाणं आहे का? उपासाला चालतो की."

श्रोतेहो, यावर मला उत्तर देता आलं नाही. आपल्याकडे एकादशीला चहा चालतो, चतुर्थीला चालतो. चहानं उपास मोडत नाही. मग चहा घेतलेलं पोट उपाशीच! वहिनीचं काही चुकलं नव्हतं. मी वर्षभर एक शब्द बोलत होतो आणि ती त्याचा घरातला अर्थ घेत होती.

तेव्हापासून मी रुग्णाला उपाशीपोटी म्हणत नाही. म्हणतो: सकाळी उठल्यावर, नुसत्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा ते एक तास काही नाही. चहा नाही, कॉफी नाही, दूध नाही; त्यांनी गोळी पुरती अंगी लागत नाही. कॅल्शियम-लोहाचंही तेच. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये चार तास जाऊ द्या. पुन्हा सांगतो, नुसतं पाणी. आणि चार तास.

वेळ संपत आली, बाईसाहेब काचेपलीकडून बोटं दाखवतायत. तरी तीन गोष्टी राहिल्याच. दिवस राहिले की थायरॉइड लवकर तपासून घ्या, आणि गोळी चालू असेल तर आपल्या मनानं बंद करू नका. बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन टीएसएच बघतात, त्याला नाही म्हणू नका. जन्मतःच थायरॉइड कमी असेल आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर मेंदूची वाढ सहसा नीट होते. उशीर झाला तर झालेलं नुकसान भरून येत नाही. आणि मुलीची पाळी महिनोन् महिने येत नसेल, हनुवटीवर केस येत असतील, तर 'लग्न झालं की होईल सरळ' म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. लग्न हे औषध नव्हे.

वहिनीचं सांगायचं राहिलं. चहा तासभर पुढे गेला, कॅल्शियम रात्री गेलं, आणि दोन महिन्यांत टीएसएच धाडकन उतरला. सव्वाशेची गोळी मला पुन्हा पंच्याहत्तरवर आणावी लागली, नाहीतर छातीत धडधड सुरू झाली असती. आवाज परत आला. बांगड्या निघाल्या. फक्त वहिनीचा चहा लांबला तसा दादाचाही लांबला, आणि त्याबद्दल तो अजून मला फोन करून बोलतो.

नमस्कार.