विश्वामित्रीच्या गावात घर शोधताना

(दृश्य: काळा घोडा पूल. खाली उन्हाळ्यातली नदी, हिरवट पाणी, काठावर ऊन खात पडलेली मगर.)

ही विश्वामित्री. पावागडाकडून येते, बडोद्याच्या पोटातून वळणं घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. आज मे महिना आहे, म्हणून एवढीशी दिसते. बदली होऊन येणारी माणसं घर बघायला नेमकी याच दिवसांत येतात. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या, त्याआधी सामान लावून व्हायला हवं असतं. मग बाल्कनी बघायची, पार्किंग बघायचं, भाडं विचारायचं आणि होकार देऊन मोकळं व्हायचं.

माझा भाचाही तेच करणार होता. नाशिकहून इकडे बडोद्याजवळच्या मंजुसरच्या कारखान्यात नोकरी लागली. फोनवर म्हणाला, "मामा, भायलीला फ्लॅट बघितलाय. फोटो छान आहेत. टोकन पाठवू का?"

मी म्हटलं, "आधी तू ये. सुनेला आण, लेकीला आण. दोन दिवस माझ्याकडे राहा. टोकन कुठे पळून जात नाही."

(दृश्य: दांडिया बाजार, सकाळ. जुन्या वाड्याचा लाकडी दरवाजा.)

माझं लहानपण दांडिया बाजारातलं. आमच्या आजोबांच्या काळी बडोद्यात मराठी माणसाला वस्ती निवडावी लागत नसे. 1734 पासून इथे गायकवाडांचा अंमल, त्यांच्यामागून सरदार आले, कारकून आले, पुराणिक, वैद्य, तालीमबाज आले. रावपुरा, बाबाजीपुरा, खारीवाव रोड, दांडिया बाजार, सगळं पायी अंतरावर. पुढे वाड्यांच्या वाटण्या झाल्या. कुणी कारेलीबागेत गेलं, कुणी मांजलपूरला, कुणी अकोटा, गोत्री. त्यामुळे "मराठी वस्ती कुठली?" असं कुणी विचारलं की मला एका नावावर बोट ठेवता येत नाही. मराठी घरं सगळीकडे आहेत, पण विखुरलेली. आणि गणपतीत ती बरोबर एकमेकांना सापडतात.

(दृश्य: छतावरून दिसणारं शहर, मग रेल्वेमार्ग.)

भाच्याला मी आधी गच्चीवर नेलं आणि दिशा दाखवल्या. बडोदा दोन रेघांनी कापलेलं आहे. एक रेल्वेची, दुसरी नदीची. रेल्वेच्या पश्चिमेला अलकापुरी, गोत्री, सेवासी, वासणा, भायली. पूर्वेला जुनं शहर, त्यापलीकडे वाघोडिया रोड आणि आजवा रोड. उत्तरेला निझामपुरा, समा, छाणी, हरणी. दक्षिणेला मांजलपूर, मकरपुरा, तरसाली. मंजुसर आहे उत्तरेला, सावलीच्या रस्त्यावर. भायली नैर्ऋत्येला. म्हणजे रोज सगळं शहर ओलांडून जायचं आणि तसंच परत यायचं. मोठा पाऊस झाला की अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, भरतं आणि शहराच्या दोन बाजू दोन गावांसारख्या वागू लागतात. मकरपुऱ्यात काम असेल तर दक्षिणेला राहा, हालोल-वाघोडियाकडे असेल तर पूर्वेला, मंजुसर-सावली असेल तर समा, वेमाली, छाणी बघा. इथवर सगळं सोपं आहे. अवघड भाग पाण्याचा.

(दृश्य: आजवा सरोवर. मग मही नदीपात्रातली फ्रेंच विहीर.)

पिण्याचं पाणी कुठून येतं, हे मी प्रत्येकाला विचारायला लावतो. पूर्व बडोद्याला मुख्यतः आजव्याचं पाणी येतं. हा तलाव तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी 19व्या शतकाच्या अखेरीस बांधून घेतला, सयाजी सरोवर असं त्याचं नाव. उत्तर आणि पश्चिमेला महीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींचं, म्हणजे वाळूत खोलवर आडव्या नळ्या घालून पाणी ओढणाऱ्या विहिरींचं पाणी येतं. पण भायली, सेवासी, वेमाली, बिल ही गावं महापालिकेत आली ती 2020 मध्ये. इमारती भराभर उभ्या राहिल्या. पाण्याची आणि गटाराची लाइन त्यांच्या मागून चालत येते. म्हणून नळ फिरवून बघायचा. बोअरचं पाणी आहे का, टँकर किती येतात, टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा? तयार बाथरूममध्ये नळाच्या तोंडावर पांढरा थर दिसला, तर ते पाणी जड, म्हणजे क्षारांचं आहे. तेवढ्यासाठी घर नाकारू नका, पण माहीत असू द्या.

(दृश्य: वर्तमानपत्रातली पुराची छायाचित्रं.)

आता दुसरं पाणी. नको असताना येणारं.

31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस पडला. ऑगस्ट 2024 मध्ये, जन्माष्टमीच्या सुमारास, विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी आहे 26 फूट. आमचं कारेलीबागेतलं टेनामेंट, म्हणजे तळमजला आणि वर दोन खोल्या. संध्याकाळी पाणी गेटच्या बाहेर होतं. रात्री ते बाहेरून आत आलंच नाही, आतून वर आलं, बाथरूमच्या जाळीतून. आम्ही गॅस सिलिंडर वर नेला, गाद्या नेल्या, कागदपत्रं नेली. वडिलांची पेटी मात्र खाली राहिली. भाता कुजला. सूर आजही लागत नाही, आणि ती टाकून देणं मला जमत नाही. वीज नाही, फोन बंद, आणि शेजारच्या गल्लीत मगर दिसली म्हणून मुलांना जिन्यावरही जाऊ द्यायचं नाही, असे ते दिवस.

हे पाणी येतं कसं, ते समजलं की घर कसं बघायचं तेही समजतं. पावागडाच्या बाजूला पाऊस, आजवा भरलेला, त्याचं वाढीव पाणी नदीत, आणि त्याच वेळी शहरातही मुसळधार. शहराचं पाणी नदीपर्यंत नेणारे जुने नैसर्गिक ओढे आहेत, त्यांना इथे कांस म्हणतात. भूखी कांस, मासिया कांस, रूपारेल कांस. नदी फुगली की कांसेचं पाणी नदीत शिरू शकत नाही. ते मागे फिरतं आणि वस्तीत पसरतं. म्हणून नदी लांब आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. जवळची कांस कुठे आहे ते बघा. काही ठिकाणी ती झाकलेली असते, काही ठिकाणी अरुंद झालेली असते. काठची कोतरं, म्हणजे घळी, भरून त्यावर बांधकामं झाली आहेत. 2025 च्या पावसाळ्याआधी नदीचा गाळ काढून पात्र रुंद करायचं मोठं काम झालं, ते चांगलंच झालं. तरी घर घेताना मी जमिनीलाच विचारेन.

(दृश्य: समा परिसर. भिंतीवरची फिकट तपकिरी रेघ, जमिनीपासून कमरेएवढी.)

जमीन बोलते ती अशी. कंपाउंडच्या भिंतीवर आडवी रेघ दिसते का? रंग नवा असेल तर शेजारच्या भिंतीवर बघा. रस्ता घरापेक्षा उंच झालाय का? डांबराचे थर चढत गेले की जुन्या सोसायट्या खड्ड्यात जातात; गेटमधून आत उतरावं लागलं तर पाणीही तसंच उतरेल. उंच इमारत असेल तर चौथ्या मजल्यावर आहोत म्हणून निश्चिंत होऊ नका. विजेचे मीटर, पाण्याची टाकी, पंप, लिफ्टचा खड्डा कुठे आहेत? सगळे बेसमेंटमध्ये असतील तर चौथ्या मजल्यावर कोरडे बसाल, पण अंधारात आणि पाण्याविना.

ब्रोकरनं सांगितलं, "इथे पाणी येतच नाही." आम्ही हो म्हटलं आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे गेलो. मी विचारलं, चोवीसच्या पुरात पाणी किती होतं? त्यानं काही न बोलता टेबलाच्या पायावर हात ठेवला आणि म्हणाला, "अहीं सुधी." इथपर्यंत. गुडघ्याच्या जरा खाली. दोन सोसायट्या पुढे, थोड्या उंचावर, दूधवाल्यानं मान हलवली. तिथे रस्त्यावर होतं, आत नव्हतं. सुनेनं दोन्ही ठिकाणांचे फोटो काढले, वहीत तारीख घातली. मला तिचं फार कौतुक वाटलं.

(दृश्य: टेबलावर फाइल. सही करणारा हात.)

विकत घ्यायचं असेल तर कागद वेगळे. जमीन बिनशेती झाली आहे का, टीपी स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत, फायनल प्लॉट कुठला, बांधकामाची रजाचिठ्ठी म्हणजे परवानगी, वापराची परवानगी म्हणजे बीयू, नवीन स्कीम असेल तर रेराची नोंदणी. भाग अशांत धाऱ्याखाली, म्हणजे ठरावीक भागांतल्या मालमत्तेच्या विक्रीवर बंधन घालणाऱ्या गुजरातच्या कायद्याखाली, येत असेल तर दस्तावेजाआधी कलेक्टरची परवानगी लागते. हे सगळं वकिलाकडून बघून घ्या, ओळखीच्या माणसाच्या शब्दावर सोडू नका. भाड्यानं घ्यायचं तर करार आणि भाडेकरूची पोलिसांकडे नोंद.

एक गोष्ट आधीच विचारा, कारण नंतर मन दुखावतं. मांसाहार चालेल का? कित्येक सोसायट्यांमध्ये चालत नाही. आमच्यातल्या एका कुटुंबाला सामान लावून झाल्यावर हे कळलं, आणि सुरमई आणली की खिडक्या बंद करून खायची वेळ आली. आपल्याच घरात असं चोरून राहणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

शाळेचंही. गुजरातमध्ये पहिली ते आठवीपर्यंत गुजराती हा विषय सक्तीचा आहे, माध्यम कुठलंही असो. लहान मुलं महिन्याभरात अंगणातच शिकतात. पाचवी-सहावीतलं मूल असेल तर शाळेशी मोकळेपणानं बोलून घ्या, पहिलं वर्ष जड जातं. मराठी घरात टिकवायची असेल तर शनिवारी-रविवारी रावपुऱ्याकडे येत जा, ओळखी वाढू द्या.

(दृश्य: सायंकाळ. टेम्पोतून उतरणारं सामान.)

भाच्यानं फ्लॅट विकत घेतला नाही. दूधवाल्यानं मान हलवली होती त्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर 11 महिन्यांसाठी भाड्यानं घेतला, करार जूनपासून. एक पूर्ण पावसाळा तिथे काढायचा, मग बघायचं. सामान लावताना लेकीनं विचारलं, "आजोबा, मगर इथे येते का?" मी म्हटलं, "दुसऱ्या मजल्यावर नाही येत."

ती बाल्कनीत गेली आणि खाली बराच वेळ वाकून बघत राहिली.