तांबड्या मातीतून मॅटवर: कोकणातला कबड्डीपटू

[दृश्य: कापणी झालेला मळा. पोरं ढेकळं फोडतायत.]

भातकापणी आटोपली की कोकणातल्या मळ्यांवर फक्की, म्हणजे कबड्डीचं मैदान आखायची पांढरी पूड, पडते. त्याआधीचं काम मोठं. ढेकळं फोडायची, जांभ्याचे खडे वेचायचे, चाळलेली तांबडी माती पसरायची, पाणी मारून रोलर फिरवायचा. खडे वेचायला आळस केला, तर पहिल्याच पकडीत गुडघे सोलवटतात. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, चढाईत निदान एवढी तरी ओलांडायचीच, तिच्या मागे मीटरभरावर बोनस रेषा.

आठवी-नववीतला मुलगा शिकतो तो इथेच. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात. तालुका, जिल्हा, मग विभाग. रत्नागिरी-सिंधुदुर्गची पोरं विभागाला कोल्हापूर, सांगली, साताऱ्यासमोर उभी राहतात, आणि तिथे कळतं: चपळाईत आपण कमी नाही, वजनात आहोत.

दुसरी वाट जिल्हा संघटनेची. किशोर गट, कुमार गट. इथे वयासोबत वजनाचीही मर्यादा. त्या मर्यादेत बसायला पोरं आदल्या दिवसापासून पाणी तोडतात. काट्यावर पास होतात आणि उत्तरार्धात पोटऱ्यांना गोळे येतात. यात दोष पोरांचा नाही, मोठ्यांचा.

[दृश्य: रात्रीचा सामना, प्रकाशझोत.]

गावच्या स्पर्धेत टाळ्या पडतात त्या उडीला. निवड करणारे बघतात वेगळंच. चढाई ३० सेकंदांची. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद. अशा वेळी हा पोरगा कुठल्या कोपऱ्याकडे वळतो? बोनस, म्हणजे बोनस रेषा गाठल्याचा जादा गुण, समोर सहा किंवा जास्त गडी असतील तरच. एक पाय रेषेपलीकडे टेकलेला, दुसरा त्याच क्षणी हवेत. नवख्याचा मागचा पाय जमिनीलाच राहतो आणि पंचांचा हात वर जात नाही.

पकडीतही तसंच. घोटा धरणाऱ्या कॉर्नरने, म्हणजे टोकाच्या बचावपटूने, चढाईपटूच्या पायांकडे बघत बसू नये. पाय हूल देतात. कमरेवर नजर ठेवायची.

[दृश्य: मॅटचे तुकडे जोडताना.]

खरी अडचण मॅटवर सुरू होते. मीटर-मीटरचे, दातांनी एकमेकांत अडकणारे तुकडे. १३ बाय १० ला १३० लागतात. मातीत पाय थोडा सरकतो, म्हणून गुडघा वाचतो. मॅटवर बुटाचा रबरी तळ पाय जागीच धरतो, अंग वळतं आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध, फाटला, तर शस्त्रक्रियेनंतर परतायला साधारण नऊ महिने. म्हणून मातीतून आलेल्या पोराला पहिले काही आठवडे आठवड्यातून दोनच दिवस मॅट द्यावं. लांब ढांगेत थांबायची सवय मोडायची: कंबर खाली, दोन-तीन आखूड पावलं.

मॅटचेही नखरे आहेत. ओल्या लादीवर अंथरलं, तर खाली बुरशी धरते. उन्हात ठेवलं, तर कडा वळतात, सांधे उघडतात आणि त्यात अंगठा अडकतो.

[दृश्य: मुसळधार पाऊस, मैदानात तळं.]

कबड्डीचे संघटक बुवा साळवी यांच्या जन्मदिनी, १५ जुलैला, महाराष्ट्रात कबड्डी दिन असतो. कोकणातली मैदानं तेव्हा पाण्याखाली! पण वजन वाढवायला हेच चार महिने. ६५ किलोच्या पोराला दिवसाला साधारण १०० ग्रॅम प्रथिनं हवीत. शंभर ग्रॅम बांगड्यातून मिळतात वीसेक. पावसाळ्यात मासेमारी बंद, मासळी महाग. मग अंडी, कुळीथ, सुका मासा. सुक्या माशातलं मीठ मात्र आधी भिजवून काढायचं.

[दृश्य: स्टेडियम, रंगीत जर्सी.]

पूर्वी कोकणातल्या खेळाडूचं शिखर म्हणजे मुंबईतल्या बँकेच्या किंवा कंपनीच्या संघातली नोकरी. २०१४ मध्ये प्रो कबड्डी ही व्यावसायिक लीग आली आणि खेळाडूंचा लिलाव सुरू झाला. तिथे वजनाची वरची मर्यादा ८५ किलो. खेड्यातला विशीचा पोरगा मात्र बहुधा लिलावाच्या झगमगाटातून येत नाही. चाचणीतून निवडलेला नवा तरुण खेळाडू म्हणून त्याला करार मिळतो.

मैदानात सात, संघात त्याच्या दुपटीहून जास्त. पहिला हंगाम बाकावर जाऊ शकतो. सरावात त्याचं काम ठरलेलं: पुढच्या सामन्यातल्या चढाईपटूचा व्हिडिओ बघायचा, त्याच्यासारखीच पावलं टाकायची, आणि आपल्या कॉर्नरांच्या हाती पुन्हा पुन्हा सापडायचं.