निवड आधी की आवड आधी?

श्रोतेहो, नमस्कार. एखादी गोष्ट आवडते म्हणून आपण ती निवडतो, असे आपण सहसा धरून चालतो. जॅक ब्रेह्म या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली या समजुतीला धक्का दिला. त्याने काही स्त्रियांना घरगुती उपकरणांना गुण द्यायला सांगितले, जवळपास सारखे गुण मिळालेल्या दोन वस्तूंपैकी एक त्यांना निवडू दिली आणि मग पुन्हा गुण मागितले, तेव्हा निवडलेली वस्तू वर सरकली होती, नाकारलेली खाली घसरली होती.

लंडनमधील संशोधकांनी २००९ साली हाच प्रश्न एमआरआय यंत्रापर्यंत नेला. हे यंत्र काही विचार वाचत नाही. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथल्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बदलते, तो बदल ते टिपते, आणि तोही काही सेकंद उशिराने. यंत्रात निजलेल्या व्यक्तीने एकेका पर्यटनस्थळी सुटी घालवण्याची कल्पना करायची, त्याला गुण द्यायचे आणि नंतर समान गुणांच्या दोन स्थळांपैकी एक पसंत करायचे. निवडीनंतर तीच कल्पना पुन्हा करताना, मेंदूत खोलवर असलेल्या आणि बक्षिसाच्या अपेक्षेशी संबंधित अशा कॉडेट न्यूक्लियस या भागातील हालचाल बदललेली आढळली.

येथे एक आक्षेप नोंदवायलाच हवा, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. आपण दिलेले पहिले गुण कधीच काटेकोर नसतात. दोन्ही स्थळांना सहा-सहा गुण दिले, तरी मनातून एक किंचित उजवे असू शकते. निवडीत तेच पुढे येते आणि दुसऱ्या खेपेला त्याचेच गुण वाढतात. मग आवड बदलली कुठे? ती फक्त उघड झाली. म्हणूनच पुढे काही प्रयोगांत दोन्ही वेळचे गुण आधीच घेऊन निवड शेवटी ठेवली गेली ; अशा क्रमात निवडीचा गुणांवर परिणाम होऊच शकत नाही, म्हणून तिथे दिसणारा फरक फक्त उघड झालेल्या आवडीचा असतो, आणि नेहमीच्या क्रमातील बदलातून तो वजा केला गेला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात ही वजाबाकी करूनही बदल शिल्लक राहिला.

नव्या आठवणी टिकत नाहीत अशा रुग्णांवर २००१ साली चित्रे वापरून केलेला प्रयोग तर अधिकच कोड्यात टाकतो. आपण कोणती चित्रे निवडली, हे त्यांना काही वेळाने आठवत नव्हते. पण चित्रांचा पसंतिक्रम लावायला सांगितल्यावर, निवडलेली चित्रे त्यांनी पूर्वीपेक्षा वर ठेवली.