मातीवाचून मिरची-टोमॅटो

नमस्कार श्रोतेहो.

आज मिरची आणि टोमॅटो या रोजच्या स्वयंपाकातल्या दोन पिकांबद्दल बोलणार आहे. पण शेतातल्या नाही, गच्चीवरच्या कुंडीतल्याही नाही. फ्लॅटच्या आत, एखाद्या कोपऱ्यात, मातीचा कणही न वापरता नुसत्या पाण्यावर वाढवलेल्या मिरची-टोमॅटोबद्दल. या पद्धतीला हायड्रोपोनिक्स म्हणतात. आपल्या इंदुरात जुन्या बैठ्या घरांच्या जागी इमारती आल्या, परसदार गेलं, आणि त्याबरोबर अळूची, मिरचीची जागाही गेली. हौस मात्र शिल्लक आहे. म्हणून हल्ली बरेच जण तयार संच घरी आणतात, दिवा लावतात, आणि दोन-तीन महिन्यांनी समोर उभं असतं एक उंच, हिरवंगार झाड, ज्याला एकही फळ नाही. पालक जमतो, कोथिंबीर जमते, मिरची-टोमॅटोपाशी गाडी अडते. ती का अडते, ते आज सांगते.

माती काढून टाकली म्हणून मातीची कामं संपत नाहीत. ती सगळी आपल्या अंगावर येतात. माती अन्न तयार करून देते, पाणी धरून ठेवते, मुळांना हवा पुरवते, आणि शिवाय आपल्या चुका पोटात घालते. खत थोडं जास्त पडलं, दोन दिवस पाणी द्यायचं राहून गेलं, तरी जमीन सांभाळून घेते. इथे 20 लिटरची बादली असते, झाकणात रोप बसवलेलं आणि मुळं खाली खताच्या पाण्यात सोडलेली. तिच्यात सांभाळून घेणारं कोणी नसतं. पालेभाजी महिना-दीड महिन्यात निघून जाते, तिला हे फारसं जाणवत नाही. मिरची-टोमॅटोचा संसार लांबचा, त्यांना जाणवतं.

मातीचं मोल सांगायला इंदूरपेक्षा योग्य गाव नाही. 1924 मध्ये होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली आणि इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक झाले. 1931 पर्यंत ते इथे होते. काडीकचरा आणि शेण थरावर थर रचून कंपोस्ट करण्याची त्यांनी बसवलेली रीत आजही जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. आपलं कृषी महाविद्यालय त्याच संस्थेतून पुढे आलं. जमीन जिवंत ठेवा, पिकाला नुसते क्षार चारू नका, असं हॉवर्ड यांचं मत होतं. आणि नेमक्या त्याच काळाच्या आसपास, 1930 नंतरच्या दशकात, तिकडे कॅलिफोर्निया विद्यापीठात विल्यम गेरिके पाण्यात विरघळवलेल्या क्षारांवर टोमॅटोचे असे वेल वाढवत होते की फळं तोडायला शिडी लावावी लागे. शेतीपुरतं मला हॉवर्ड यांचं म्हणणं पूर्ण पटतं. ज्यांना अंगण आहे, गच्ची आहे, त्यांनी मातीतच लावावं, असं मी अगदी मनापासून सांगेन. ज्यांच्यापाशी फक्त चार भिंती आहेत, त्यांनी पुढचं ऐकावं.

आधी अन्न. खताच्या दुकानात जाऊन पाण्यात विरघळणारं खत मागितलं की बहुतेक वेळा 19:19:19 ची पुडी हातात येते. मातीसाठी ते चांगलं खत आहे. पण त्यातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरिया फोडून त्याचं अमोनियम आणि मग नायट्रेट करतात, तेव्हा तो नत्र मुळांच्या कामी येतो. बादलीत ते जिवाणू जवळजवळ नसतातच. शिवाय या खतात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही. म्हणून हायड्रोपोनिक्ससाठी नायट्रेटवर आधारलेलं, दोन भागांत येणारं खत घ्या. एका डब्यात कॅल्शियम नायट्रेट आणि बहुधा लोह असतं, दुसऱ्यात पोटॅश, स्फुरद, मॅग्नेशियम सल्फेट वगैरे. हे दोन डबे एकमेकांत कधीही ओतू नका. दुधात लिंबू पिळावं तसं ते फाटतं, कॅल्शियम आणि सल्फेट, फॉस्फेट मिळून पांढरा साका तळाशी बसतो आणि तो झाडाला मिळत नाही. बादलीभर पाण्यात आधी एक भाग नीट ढवळायचा, मग दुसरा.

किती घालायचं, ते चमच्याने ठरवू नका, मीटरने ठरवा. ईसी, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता, मोजणारं पेनासारखं मीटर मिळतं, पाण्यात क्षार किती आहेत ते त्यावर कळतं. रोपं लहान असताना मिलिसिमेन्समधला (mS/cm) आकडा 1 च्या आसपास पुरे. मोठ्या मिरचीला 2 च्या जवळ, फळावर आलेल्या टोमॅटोला 2 ते 3. दुसरं मोजायचं ते पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते. तो साडेपाच ते साडेसहा असावा. सातच्या वर गेला की पाण्यात लोह असूनही झाडाला घेता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेंड्याकडची पानं अशी दिसली की खत वाढवायच्या आधी पीएच बघा. एवढी एक सवय लावून घेतली तरी पुष्कळ झाडं वाचतील.

पाण्याचंही सांगायला हवं. आपल्याकडे 1978 पासून जलूदहून नर्मदा वर चढवून आणली जाते. नळाचं ते पाणी या कामाला चालतं, फक्त रात्रभर उघड्या बादलीत ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. बोरिंगचं पाणी माळव्याच्या काळ्या खडकातून येतं. ते जड असतं आणि पीएच सारखा वर ढकलत राहतं. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी तर मुळीच वापरू नका, त्यात गाळून उरलेले सगळे क्षार असतात. सध्या पाऊस आहे, तर गच्चीवरचं पहिलं पाणी वाहून जाऊ द्या आणि नंतरचं झाकून साठवा. त्याच्यासारखं पाणी नाही.

मुळांना हवा लागते. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला साडेसातच. म्हणजे पाणी तापलं की मुळाचा श्वास वाढतो आणि हवा कमी होते. मग मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात, वास मारतात. निरोगी मूळ पांढरं, काहीसं मोतिया असतं, त्याला वास येत नाही. दर आठवड्याला झाकण उचलून मुळं बघायला हवीत. मासे पाळणारे वापरतात तो छोटा हवेचा पंप बादलीत चोवीस तास सुरू ठेवा. बादली गडद रंगाची, उजेड आत न जाणारी हवी, नाहीतर शेवाळ धरतं. पाणी 25 अंशांच्या खाली राहिलं तर उत्तम. एप्रिल-मेमध्ये बादलीला ओलं पोतं गुंडाळा. आपली उन्हाळी हवा कोरडी असते, त्यामुळे पाणी चांगलं गार पडतं.

आता उजेड. फळ न धरण्याचं पहिलं कारण बहुतेक घरांत हेच असतं. आपला डोळा इथे फसतो. ट्यूबलाइट लावलेली खोली आपल्याला लख्ख वाटते, पण तिथे दोन-तीनशे लक्स उजेड असतो, लक्स हे उजेडाचं माप. खिडकीजवळ, थेट ऊन नसेल तर, दोन-तीन हजार. बाहेर दुपारच्या उन्हात हाच आकडा लाखापर्यंत जातो. डोळा उजेडाशी जुळवून घेतो म्हणून आपल्याला एवढा फरक जाणवत नाही, झाडाला जाणवतो. मिरची-टोमॅटोला फळावर यायचं तर पानांवर किमान 15 ते 20 हजार लक्स, तोही रोज 14 ते 16 तास, मिळायला हवा. मोबाइलवर लक्स मोजायची सोय मिळते, अगदी अचूक नसली तरी अंदाज येतो. मोबाइल पानाच्या उंचीवर धरून बघा. झाड सडपातळ, दोन पानांमधलं अंतर लांब, दिव्याकडे मान केलेली, असं दिसलं तर ते उजेड मागतंय. दिवा खाली आणा किंवा मोठा घ्या. पांढरा एलईडी पुरतो, जांभळाच हवा असं नाही.

पण चोवीस तास दिवा ठेवू नका. सतत उजेडात टोमॅटोची पानं पिवळी पडतात, झाडाला रात्र लागते. आणि रात्रीच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रीचं, कौतुक आपण ऐकत आलो आहोत, टोमॅटोलाही ती मानवते. रात्र 15 ते 20 अंशांची असली की फळ चांगलं धरतं, 24 च्या वर रात्री राहिल्या की फुलं गळतात. म्हणून टायमर लावून दिवा पहाटे पाचला सुरू करा आणि संध्याकाळी सातला बंद करा, म्हणजे झाडाची रात्र आणि माळव्याची गार रात्र एकाच वेळी येते. खिडकी रात्री उघडी ठेवा.

फूल आलं, तरी फळ आलं असं नाही. टोमॅटोचं एक फूल तोडून जवळून बघा. मधोमध पिवळा, टोकदार शंकू दिसेल. तो परागकोशांचा आहे, आणि पराग त्याच्या आतल्या बाजूला असतात. एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही आहेत, दुसऱ्या झाडाची गरज नाही, गरज आहे हलवण्याची. शेतात वारा हलवतो, भुंगा फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवतो, आणि पराग झडतात. बंद खोलीत वारा नाही, भुंगा नाही. तेव्हा हे कामही आपलं. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, फुलोऱ्याच्या देठाला मागून बोटाने हलकी टिचकी मारा. इलेक्ट्रिक टूथब्रश घरात असेल तर त्याची पाठ देठाला दोन सेकंद टेकवा. चांगला उघडलेला फुलोरा असेल तर पिवळसर धूर उडालेला दिसतो. मिरचीचं फूल मोकळं असतं, त्याला झाड हलवणं किंवा मऊ कुंचला फिरवणं पुरतं. श्रावण-भाद्रपदातल्या दमट हवेत पराग चिकटून बसतात, तेव्हा छोटा पंखा सुरू ठेवा.

फळ धरलं, आणि टोमॅटोच्या किंवा ढोबळी मिरचीच्या बुडाशी काळपट, चामड्यासारखा डाग पडला, तर तो रोग नाही, औषध फवारू नका. तिथपर्यंत कॅल्शियम पोहोचलेलं नाही. कॅल्शियम पाण्याबरोबर वर जातं आणि पानं जास्त पाणी ओढतात, त्यामुळे फळाच्या टोकाला उपासमार होते. बादलीतलं पाणी कधी भरपूर, कधी तळाला, असं झालं की हे हमखास होतं. मोठं टोमॅटोचं झाड उन्हाळ्यात दिवसाला दोन लिटरसुद्धा पिऊन टाकतं. रोज पातळी बघा, साधं पाणी घालून ती भरा, आणि दर दोन आठवड्यांनी सगळं पाणी बदला. काढलेलं पाणी तितक्याच साध्या पाण्यात मिसळून कुंडीतल्या झाडांना द्या.

किडी घरातही येतात. मावा, पांढरी माशी, लाल कोळी. आपल्या शेजारच्या निमाडात, जिथली बेडियाची मिरची मंडी देशभर प्रसिद्ध आहे, तिथल्या शेतकऱ्यांना पांढऱ्या माशीतून येणाऱ्या चुरडा-मुरडा या पानं आक्रसणाऱ्या रोगाने किती नाडलं, ते त्यांनाच ठाऊक. घरात पिवळा चिकट कागद लावा, पानांची खालची बाजू रोज पाहा, आणि दिसताच निंबोळी तेल फवारा.

खर्चाचं स्पष्ट सांगते. 100 वॉटचा दिवा रोज 15 तास चालला तर महिन्याला 45 युनिट वीज जाते. चोइथराम मंडीत टोमॅटो त्यापेक्षा खूपच स्वस्त मिळतो. पैसे वाचवायला हे करू नका. म्हणूनच माझी शिफारस मिरचीला आहे. घराला रोज लागतात पाच-सात मिरच्या, त्या दोन झाडं देऊ शकतात, आणि निगा राखली तर मिरचीचं झाड दोन-तीन वर्षं टिकतं. टोमॅटो हवाच असेल तर बुटकी चेरी जात घ्या. मायक्रो टॉम ही त्यातली अगदी बुटकी, जेमतेम वीतभर. वेलासारखी वाढणारी जात खोलीत आणू नका, ती छताला लागते.

अंतराळ स्थानकातही मिरची अशीच बंद जागेत, दिव्याखाली पिकवली. 2021 च्या जुलैत तिथे मिरचीचं बी रुजवलं, पंख्याच्या वाऱ्याने आणि अंतराळवीरांच्या हाताने परागीभवन झालं, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस पहिला तोडा निघाला. सुमारे साडेतीन महिने. आपल्या घरातही मिरचीला बी ते फळ एवढाच काळ धरून चाला.

तेव्हा बी याच आठवड्यात भिजवा. स्वच्छ धुतलेल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, टोमॅटो आठवड्यात उगवतो, मिरची पंधरा दिवस घेते. गणपतीच्या सुमाराला रोपं बादलीवर येतील. मिरचीची अगदी पहिली फुलं खुडून टाका, झाड आधी भरू द्या. टोमॅटोची बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणारी फूट, लहान असतानाच काढा. दिवाळीनंतर तोडणी सुरू झाली की मार्चपर्यंत चालते. त्यानंतर टोमॅटो काढून टाका, पण मिरची उपटू नका. वीतभर उंचीवर छाटा, अर्ध्या ताकदीच्या खताच्या पाण्यावर ठेवा, पोतं ओलं राहू द्या. पावसाची पहिली सर आली की नवी फूट दिसेल, तेव्हा ईसी पुन्हा हळूहळू वर न्या.

नमस्कार.