दारावरची पाटी

श्रोतेहो, नमस्कार. ऑगस्ट उजाडला की आपल्याकडे कितीतरी घरांत वजनकाटा थेट बैठकीच्या खोलीत येऊन बसतो. बॅग काट्यावर ठेवायची, दोन किलो जास्त भरली म्हणून चकलीचा डबा बाहेर काढायचा, आणि आईनं तो गुपचूप पुन्हा आत सरकवायचा. लेक शिकायला परदेशी निघालेली असते, नाहीतर लेक म्हणून वाढवलेली भाची, नाहीतर मुलगा. तिथल्या पहिल्या दिवसांविषयी मला आज तुमच्याशी बोलायचं आहे.

मी सांगलीची. २०१५ साली जर्मनीत श्टुटगार्टला शिकायला गेले. श्टुटगार्ट हे मुंबईचं भगिनी शहर, १९६८ पासून. मी पोचले २ ऑक्टोबरला, शुक्रवारी रात्री. दुसऱ्या दिवशी ३ ऑक्टोबर, म्हणजे जर्मन एकीकरणाची राष्ट्रीय सुट्टी, आणि त्याला लागून रविवार. तिथं रविवारी दुकानं बंद असतात आणि सणासुट्टीलाही बंद असतात. दोन दिवस मी आईनं दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्यांवर काढले. मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं रविवारीही उघडी असतात, हे मला सोमवारी कळलं. म्हणून सांगते, तिकीट काढताना वार बघा. पुन्हा सांगते, वार बघा आणि दोन दिवसांचं खाणं हाताशी ठेवा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आपला पत्ता सरकारी कचेरीत नोंदवायचा असतो. त्याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो कागद किल्ली घेतानाच मागून घ्या, कारण पुढची बरीच कामं या नोंदणीवर अडतात. विम्याचं आणि बाकीचं विद्यापीठ सांगतंच.

आता मला जे खरं सांगायचं आहे त्याकडे येते.

माझी खोली एका जुन्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर होती. लाकडी जिना, गुळगुळीत झालेला कठडा, आणि मजल्यावर समोरासमोर दोन दारं. दुसऱ्या आठवड्यात सोमवारी संध्याकाळी घरी आले, तर माझ्या दाराच्या मुठीला दोरीनं एक लहानशी पाटी अडकवलेली. त्यावर एकच लांबलचक शब्द. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात मी ए-टू या पातळीपर्यंत जर्मन शिकले होते, पण हा शब्द आमच्या पुस्तकात नव्हता. नवीन भाडेकरूची काही खूण असेल असं मला वाटलं, आणि मी ती तशीच राहू दिली.

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला बेल वाजली. समोरच्या दारातल्या आजी. पांढरेशुभ्र केस, निळा एप्रन. त्यांनी आधी पाटीकडे बोट दाखवलं, मग जिन्याकडे, आणि बोलायला लागल्या. त्यांची बोली श्वाबियन, त्या भागातली अस्सल. शिकलेलं जर्मन एका बाजूला आणि आजी दुसऱ्या बाजूला. मला एक अक्षर कळेना. त्या एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, ‘केरवोखं, केरवोखं’. मग त्यांनी कठड्यावरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली धूळ माझ्यासमोर धरली.

आणि माझ्या सांगलीच्या कानाला त्यातला ‘केर’ ऐकू आला! मी हातानं झाडल्यासारखं करून सरळ मराठीतच विचारलं, “केर काढायचा?” आजी म्हणाल्या, “या, या! केरन!” त्यांच्या भाषेत या म्हणजे हो, केरन म्हणजे झाडणं आणि वोखं म्हणजे आठवडा. कुठली सांगली, कुठलं श्टुटगार्ट, पण त्या जिन्यावर आम्हा दोघींना एकच शब्द पुरला.

ही तिथली फार जुनी रीत आहे, पंधराव्या शतकापासूनची मानतात. पाटी ज्याच्या दारावर, त्या आठवड्यात आपल्या मजल्यापुढची जागा आणि खालच्या मजल्यापर्यंतचा जिना त्यानं स्वच्छ करायचा. रविवारी हे काम करत नाहीत, म्हणून आजी शनिवारीच आल्या होत्या. आपला उभा झाडू आणि केरभरणी त्यांनी माझ्या हातात दिली. आधी पायपुसणी उचलून झटकायची, मग वरून खाली यायचं, प्रत्येक पायरीचे कोपरे पहिल्यांदा. ‘कोपरे आधी’ हे मला माझ्या आजीनं शिकवलेलं होतंच. तिसऱ्या पायरीनंतर त्यांनी कोपऱ्यात बोट घालून पाहिलं आणि पसंतीची मान डोलावली. मग ओलं फडकं, मग कोरडं.

इथं एक बोलून घेते. आपल्याकडे अजूनही मुलग्यांच्या हातात केरसुणी देत नाहीत. मुलाला परदेशी पाठवणार असाल तर वर्षभर आधी त्याच्याकडून घरातला केर काढून घ्या. आणि नसाल पाठवणार, तरी काढून घ्या.

काम झाल्यावर पाटी पुढच्या दाराला लावायची असते. पुढचं दार आजींचंच होतं. मी ती त्यांच्या मुठीला अडकवली आणि त्यांनी मला आत बोलावून निळ्या आलुबुखाऱ्यांचा केक खायला घातला. खाता खाता नाव विचारलं. मी सांगितलं, तर त्या कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, हे नाव खाली पत्रपेटीवर तर नाही!

श्रोतेहो, हे नीट ऐका. तिथं पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. माझं बँकेचं कार्ड दहा दिवस का येत नव्हतं, ते मला त्या क्षणी उमगलं. आजींनी जाड कागदाची पट्टी कापली, चष्मा लावला आणि माझं आडनाव एकेक अक्षर विचारत ठळक लिहिलं. आम्ही दोघी खाली गेलो आणि पट्टी पेटीवर चिकटवली. मधल्या मजल्यावरचे गृहस्थ वर येत होते. ओला जिना बघून ते भिंतीच्या कडेकडेनं चढले आणि मला म्हणाले, “ग्र्यूस गॉट.” दोन आठवड्यांत त्या इमारतीत मला कुणीतरी पहिल्यांदाच नमस्कार केला होता.