दोर किती सोडायचा?

(हंगाम सुरू होण्याआधी रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या नाखवा-तांडेल (बोटमालक आणि बोट हाकणारे) मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, आयोजकांनी मला विषय दिलाय, बंदरात बोटी सुरक्षित बांधण्याचे नियम. समोर पहिल्या रांगेत असे तांडेल बसलेत, की मी शाळेत जायचो तेव्हा हे सुकाणूवर होते. ह्यांना मी बोट बांधायला शिकवणार, हे ऐकून आमच्या घरी सकाळी हसू झालं. तेव्हा गाठी शिकवत नाही. बांधण्यापेक्षा सोडण्याबद्दल बोलतो. दोर किती सोडायचा, एवढंच.

मी स्वतः हे कसं शिकलो ते आधी सांगतो, म्हणजे तुम्हाला हसायला मोकळीक. विशीत होतो. मामांची होडी एका धक्क्याला लावली. पाणी भरलेलं होतं, होडीचा काठ धक्क्याला बरोबर लागलेला. मी दोन्ही दोर ताणून बांधले, वर चार फेरे जास्तीचे दिले आणि जेवायला गेलो. मामा म्हणाले, बांधलीस ना नीट? म्हटलं, हलणार नाही. ती खरंच हलली नाही. पहाटे गेलो तर पाणी खाली गेलेलं आणि होडी धक्क्याला लटकलेली, दावणीला गळफास बसलेल्या वासरासारखी. मागची खुंटी फळीसकट उपटून आली होती. मामा काही बोलले नाहीत. कोयता माझ्या हातात दिला. ताणाखाली बसलेली माझी ती गाठ सुटेना, दोर कापावाच लागला.

तर पाणी. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते, हे गणित इथे सगळ्यांना पाठ आहे. ते मुंबईचं. आपल्याकडे भरती त्याच्या थोडी आधी येते. पण वेळ पाठ असली तरी उंची डोक्यात नसते. अष्टमीच्या भांगाला पाणी जेमतेम हलतं, आणि पुनवेच्या किंवा अवसेच्या पुढच्या एक-दोन दिवसांत उधाण सगळ्यात मोठं. भांगाला बांधलेली बोट उधाणापर्यंत तशीच ठेवली, की माझ्यासारखी गत.

धक्क्याला बांधताना दोर खुंटावर सरळ वर नेऊ नका. नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, दोर लांब पुढे न्या, मागचा लांब मागे. लांब आणि तिरपा दोर पाण्याबरोबर वर-खाली जाऊ देतो, आखूड आणि उभा दोर देत नाही. मग बोट पुढे-मागे घसरू नये म्हणून दोन आडवे दोर: एक नाळेपासून मागच्या खुंटाकडे, एक मागच्या बाजूकडून पुढच्या खुंटाकडे. हे आडवे दोर आपल्याकडे सहसा कुणी लावत नाही. टायर मात्र सगळे लावतात. टायर हवेतच, पण टायर बोट धरून ठेवत नाही.

आता नांगर. इथे हिशोब करू, कारण चूक इथेच होते. समजा ओहोटीला तुमच्या जागी तीन मीटर पाणी आहे. नाळ पाण्यापासून दीड मीटर वर. झाले साडेचार. पाचपट दोर सोडायचा म्हणून तुम्ही साडेबावीस मीटर सोडलात. आता अडीच मीटरची भरती चढली. उंची झाली सात मीटर, दोर तेवढाच. पाचपट होतं ते तीनपटीवर आलं. नांगराला बोट आडवी ओढते तोवर तो तळात रुततो. ओढ वरून आली की तो उचकटतो. म्हणून माप भरतीचं धरायचं: सात पंचे पस्तीस. वारा उठणार असेल तर आणखी. आणि नांगराला लागून काही मीटर साखळी हवीच. ती जड असते, तळावर पडून राहते, म्हणून ओढ आडवी राहते. काही जण म्हणतात साखळी महाग पडते. नांगर उचकटला तर काय पडतं, त्याचा हिशोब मी मांडत नाही.

दोराचंही एक सांगतो. नायलॉन ताणला जातो, लाटेचा धक्का पोटात घेतो, नांगराला तोच बरा. तो निळा-हिरवा प्लास्टिकचा दोर स्वस्त, पण पाण्यावर तरंगतो, शेजाऱ्याच्या बोटीच्या पंख्यात जातो, आणि उन्हाने बाहेरून पांढरा पडून कुसळं निघायला लागली की आतून गेलेला असतो. आणि घासण. दोर ताणाने जितका तुटतो त्याहून जास्त काठावर घासून तुटतो. जिथे तो बोटीच्या काठाला लागतो तिथे जुन्या पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा चढवा. काही खर्च नाही.

आता जरा अवघड बोलतो. आपल्या बंदरात जागा कमी, गाळ जास्त, बोटी त्याहून जास्त. त्यामुळे धक्क्याला एक, तिला दुसरी, दुसरीला तिसरी, असं आठ-आठ बोटींचं लटांबर. बाहेरच्या बोटीवाल्याने आपला दोर फक्त शेजारणीला बांधला, की आठ बोटींचा भार आतल्या एका बोटीच्या दोन दोरांवर. ती काय म्हणून सोसणार? बाहेरच्याने आपला दोर धक्क्यापर्यंत न्यायचा, हा साधा न्याय आहे. मोठी बोट आत, लहान बाहेर. कुणी म्हणेल, मी आधी आलो, मी आत. असं म्हणणाऱ्याची बोट वाऱ्यात कशी चिरडते ते मी पाहिलंय.

आणि आग. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज विजयदुर्गावर चालून आले, ही गोष्ट आपण अभिमानाने आणि हळहळीने सांगतो. पण आंग्र्यांचं आरमार गेलं कसं? गलबतं एकमेकांना बांधून ठेवलेली. एकावर तोफगोळा पडून आग लागली आणि बांधलेल्या दोरांवरून ती सगळ्यांवर गेली. मुलूख गाजवलेलं आरमार थोड्या वेळात जळून गेलं. आता तोफा नाहीत. पण बोटीवर भात शिजतो, सिलिंडर असतो, बॅटरीच्या उघड्या तारा असतात, खाली डिझेल. जोडून बांधलेल्या बोटींवर चूल पेटती सोडून कुणी उतरायचं नाही. आणि नाळेपाशी कोयता हवाच. १९०८ च्या बंदर कायद्यात एक कलम होतं: तातडीची गरज पडली, तर दुसऱ्या जहाजाला धोका करणारा दोर बंदर अधिकाऱ्याला कापता येई. तो कायदा आता बदलला, २०२५ मध्ये नवा आला. पण त्या कलमामागचं शहाणपण मला पटतं. ताण असतानाही सुटेल अशीच गाठ मारा, पण न सुटलीच तर कोयत्याला दोराची दया नको.

वादळाचं थोडक्यात, कारण बंदरावर लागणाऱ्या धोक्याच्या बावट्याचे आकडे तुम्हाला माझ्याहून पाठ. तीन लागला की वारा आपल्याच बंदराला येणार, तेव्हा दोर दुप्पट करा. बरेच जण फक्त आत्ताच्या वाऱ्याच्या बाजूला दोर वाढवतात. वादळाचा डोळा वरून गेला, की वारा पडतो, सगळे बाहेर येतात, आणि मग तो उलट्या बाजूने सुटतो. चारी बाजूंनी दोर हवे. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळाच्या वेळी गुजरात-कर्नाटकच्या बोटी देवगडात आश्रयाला आल्या होत्या. अशा पाहुण्यांना जागा द्यायचीच, पण कुणाचा दोर किती लांब ते विचारून. शेजारी पस्तीस मीटरवर आणि तुम्ही पंधरावर, तर वारा फिरला की तो येऊन तुमच्यावर बसणार. सगळ्यांचं माप जवळपास एक हवं.

आणि १६ मे २०२१. तौक्ते वादळ समोरून जात होतं तेव्हा देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या बोटी सुटल्या. खलाशी बोटीवर होते. सगळे परत आले नाहीत. बोट राखायला माणूस ठेवतात, मी समजू शकतो, कर्ज असतं. पण मोठ्या बावट्याला बोटीवर माणूस नको. बोटीला दोर जास्त द्या आणि माणसाला घरी पाठवा. खलाशी नेपाळचा असो की आपल्या साखरी-नाट्याचा, तो स्वतःहून उतरतो म्हणणार नाही. नाखव्याने म्हणायचं.

रात्री नांगरलेल्या बोटीवर चारी बाजूंनी दिसेल असा पांढरा दिवा, आणि खाडीच्या मुखात नांगर नाही. हे सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगितलं.

आज षष्ठी. गणिताने मुंबईला साडेचारची भरती, म्हणजे आपल्याकडे पाणी भरून परतायला लागलेलं असणार. धक्क्याच्या दक्षिण टोकाला एक निळी होडी मघाशी दोन्ही दोर ताणून बांधलेली बघितली. कुणाची ते मला माहीत नाही, नाव विचारतही नाही. पण ज्याची असेल त्याने प्रश्न विचारायला थांबू नये, आत्ता उठावं.