औषध लागू पडलं नाही, असं म्हणण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

नैराश्यावर उपचार घेणाऱ्या माणसाच्या घरात एक वाक्य वारंवार ऐकू येतं, "इतकी औषधं झाली, पण काही फरक नाही." रुग्ण ते थकून म्हणतो, घरचे हताश होऊन. हे ऐकल्याबरोबर मनोविकारतज्ज्ञानं नवी गोळी लिहून मोकळं होऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आधी जुन्या उपचारांचा हिशेब मांडायला हवा.

निदान दोन नैराश्यविरोधी औषधं पुरेशा मात्रेत आणि पुरेसे दिवस घेऊनही आराम पडला नाही, तर ते उपचारांना दाद न देणारं नैराश्य, असं साधारणपणे धरतात. यातली मात्रेची आणि दिवसांची अट फार मोलाची आहे. योग्य मात्रेवर आल्यानंतर औषधाला साधारण चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता जाणवते, गुण मात्र दिसत नाही. मग कित्येकजण तिथेच गोळ्या सोडतात. काहींची मात्रा सुरुवातीला जेवढी दिली तेवढीच महिनोन्‌महिने राहते. कागदावर तीन औषधं झालेली असतात आणि प्रत्यक्षात एकालाही पुरती संधी मिळालेली नसते.

"गोळ्या नियमित घेता ना?" या प्रश्नाला उत्तर ठरलेलं असतं, "हो." त्याऐवजी "गेल्या आठवड्यात किती वेळा राहून गेल्या?" असं विचारलं की माणूस बोलू लागतो. वजन वाढलं, दिवसभर गुंगी राहते, लैंगिक इच्छा उरली नाही, ही कारणं लाजेपायी पोटातच राहतात. ती कळली तर औषध बदलता येतं, आणि रुग्णालाही आपलं ऐकून घेतलं जातंय असं वाटतं.

आता निदानाकडे वळू. इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं मला वाटतं. वरवर नैराश्य दिसणारा आजार मुळात बायपोलर, म्हणजे मन कधी खचतं तर कधी अति उधाणतं असा, असू शकतो. त्यात निव्वळ नैराश्यविरोधी गोळ्या अनेकदा पुऱ्या पडत नाहीत, कधी मन उलट भडकतं. म्हणून विचारावं लागतं: आयुष्यात कधी सलग चार-पाच दिवस असे गेले का, की तीन तास झोपूनही थकवा नव्हता, बोलणं थांबत नव्हतं, पैसा हातात टिकत नव्हता? रुग्णाच्या लेखी ते चांगले दिवस असतात, त्यामुळे तो आपणहून सांगत नाही. जोडीदाराला किंवा भावंडांना मात्र ते पक्के आठवतात. माझ्या मते घरच्या माणसाशी बोलल्याशिवाय हे मूल्यमापन पुरं होत नाही, अर्थात रुग्णाच्या संमतीनं.

काहींच्या मनात आपण घोर पाप केलंय अशी अढळ भ्रामक समजूत असते आणि ती कुणाला कळलेली नसते. तिथे नुसत्या नैराश्यविरोधी औषधानं सहसा भागत नाही. शरीरही तपासायलाच हवं. थायरॉइड मंदावणं, रक्तक्षय, बी-१२ची कमतरता, झोपेत श्वास अडकणं, दारू या सगळ्यांचा शोध घ्यावा. इतर आजारांची औषधंही विचारावीत: स्टेरॉइडनं मन खचू शकतं आणि क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनमुळे काही नैराश्यविरोधी औषधांचं रक्तातलं प्रमाण घटतं.

"बरं वाटतंय का?" एवढ्यावर मोजमाप होत नाही. त्यासाठी नैराश्याची तीव्रता गुणांत मोजणाऱ्या मोजपट्ट्या आहेत, जितके गुण जास्त तितका त्रास जास्त: १९६० सालापासूनची हॅमिल्टन मोजपट्टी आहे, १९७९ची माँटगोमेरी-ॲसबर्ग आहे. गुण निम्म्यानं उतरले तर औषधाला प्रतिसाद मिळाला असं मानतात. हॅमिल्टनच्या सतरा प्रश्नांच्या मोजपट्टीवर सात किंवा त्याखाली आले, तर लक्षणं जवळपास गेली. समजा, गुण २८ वरून १६ वर आले. रुग्ण म्हणेल फरक नाही, पण औषधानं थोडं काम केलेलं आहे. अशा वेळी ते काढून टाकण्याऐवजी त्याला दुसऱ्या औषधाची जोड देण्याचा विचार होतो.

एवढं सगळं पाहूनही आजार हटत नसेल, तर तो दोष रुग्णाच्या इच्छाशक्तीचा नाही. अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांवर झालेल्या स्टार-डी अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली आले. पहिल्या औषधानं साधारण एक तृतीयांश लोक लक्षणमुक्त झाले; तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर हे प्रमाण बरंच खाली आलं. पुढे फेरविश्लेषण करणाऱ्यांनी मूळ आकडेही फुगलेले आहेत, असं म्हटलं. म्हणून दोन औषधं खरोखर निष्फळ ठरल्यावर त्याच वाटेनं वर्षानुवर्षं चालत राहू नये. लिथियम या मन स्थिर ठेवणाऱ्या औषधाची जोड आहे, मानसोपचार आहेत, मेंदूवर चुंबकीय लहरींचा उपचार आहे, एस्केटामाइनचा नाकातला फवारा आहे. आणि ईसीटी, म्हणजे मेंदूला विजेचा नियंत्रित झटका देण्याची उपचारपद्धती, आहे. ती भूल देऊन, स्नायू सैल करून देतात. स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो, तेही रुग्णाला आधीच सांगायला हवं. पण भीतीपोटी ती शेवटपर्यंत लांबवण्यात अनेकांची उमेदीची वर्षं जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या घरात असा रुग्ण असेल तर पुढच्या भेटीआधी एक कागद तयार करा. प्रत्येक औषधाचं नाव, जास्तीत जास्त मात्रा, कधीपासून कधीपर्यंत, किती आराम पडला, का थांबलं. जुन्या चिठ्ठ्या असतील त्या सोबत न्या. कुठलंही औषध मनानं एकदम बंद करू नका.

आणि जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, रुग्णाला एकटं ठेवू नका. अशा विचारांबद्दल थेट विचारल्यानं ते बळावत नाहीत. विचारा.

नमस्कार.